तुलनेच्या गावातला पांढरा चट्टा : मशेरी सोडवण्याच्या एका विद्यापीठीय संशोधनाचा प्रकरण अभ्यास

विद्यापीठ, तालुका, गावे आणि माणसे यांची ओळख पटेल असे तपशील या लेखनातून काढले आहेत. ज्या आकड्यांवरून गाव ओळखता येईल तेही दिलेले नाहीत. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांना 'कंट्रोल ग्रुप' (कार्यक्रम न देता केवळ तुलनेसाठी ठेवलेला गट) शिकवताना व्याख्या सांगून मोकळे होता येते. पण खऱ्या गावात, खऱ्या बायकांच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकल्यावर त्या व्याख्येचे काय होते, हे या प्रकरणात नीट दिसते.

पार्श्वभूमी

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक करायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावून बसायचे. ही मशेरी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ती प्रामुख्याने बायकांची सवय. सुरुवात सकाळी दात घासण्यापासून होते आणि हळूहळू दिवसाचे सगळे सांधे ती व्यापते: स्वयंपाकाला बसण्याआधी, जेवणानंतर, भांडी आवरली की, रात्री निजताना. दात घासणे हे निमित्त केव्हाच मागे पडलेले असते. एका घरात सासू भाजते, सुना वापरतात, दुपारी शेजारीण डबी घेऊन ओट्यावर येते.

तंबाखूविरोधी धोरणाची बहुतेक हत्यारे मशेरीपर्यंत पोचत नाहीत, आणि हे फारसे कोणी मोठ्याने बोलत नाही. २००३चा कोटपा हा तंबाखू नियंत्रण कायदा विक्री आणि जाहिरातीला लगाम घालतो. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. २०१६पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा आला, नंतर त्यावर १८००-११-२३५६ हा मदत क्रमांकही छापला जाऊ लागला. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर तर १९९२ पासूनच बंदी आहे. पण आठवडे बाजारातून सुटी पाने आणून घरच्या तव्यावर भाजणाऱ्या बाईच्या हातात पाकीटच येत नाही. चित्र नाही, इशारा नाही, क्रमांक नाही. जो फोन लावायचा तो नवऱ्याच्या खिशात.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे प्रौढ २४.४ टक्के होते आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. म्हणजे आपला प्रश्न सिगारेटचा कमी आणि गाल-हिरडीच्या खोबणीत ठेवलेल्या तंबाखूचा जास्त. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची कर्करोगकारक द्रव्ये त्या खोबणीतल्या नाजूक त्वचेला रोज तासन्‌तास भिडतात. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते, आणि त्या बायकांच्या वापरात मशेरीचा वाटा मोठा होता.

या पार्श्वभूमीवर एका विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने एका दंत महाविद्यालयाला सोबत घेऊन प्रकल्प आखला. दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्यातली दोन गावे निवडली. आपण त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. दोन्हींचे आठवडे बाजार वेगळे, त्यामुळे एका गावातली चर्चा दुसऱ्यात सहज जाणार नाही असा हिशोब. 'अ' गावात वर्षभराचा कार्यक्रम: घरोघरी समुपदेशन, बचत गटांच्या बैठका, सोडण्याचा ठरवलेला दिवस, आशाताईंकडून दर पंधरवड्याला विचारपूस. 'ब' गावात फक्त पाहणी. दोन्हीकडे सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रश्नावली, तोंडाची तपासणी आणि लाळेतल्या कोटिनीनची चाचणी. कोटिनीन म्हणजे शरीरात निकोटिनचे विघटन होऊन तयार होणारे द्रव्य. ते काही दिवस टिकते, म्हणून 'सोडली' म्हणणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे त्यावरून पडताळता येते.

कर्करोग कमी झाला का, हा प्रश्न इतक्या छोट्या अभ्यासाला विचारताच येत नाही. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, आणि तिला बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे कवेत घ्यावी लागली, तेव्हा कुठे दरवर्षीचे आकडे अर्थपूर्ण झाले. दोन गावांत वर्षभरात तोंडाचा कर्करोग एखादा आढळेल किंवा आढळणारही नाही. म्हणून विभागाने मोजायचे ठरवले ते सात दिवसांत एकदाही मशेरी न लावणाऱ्या बायकांचे प्रमाण.

संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली, अभ्यासांचे आराखडे सर्वांना पाहता येतील असे नोंदवणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियात नोंदणी झाली. पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी क्षेत्रकाम सांभाळणार होती आणि तिचा प्रबंध यावरच उभा राहणार होता.

अडचण

'अ' गावातली पहिली तपासणी सुरळीत पार पडली. 'ब' गावात शाळेच्या वर्गखोलीत टेबल मांडले आणि दुसऱ्याच सत्रात दंतवैद्यांना एका पन्नाशीच्या बाईच्या खालच्या हिरडीलगत चट्टा दिसला. पांढरा, खरवडून न निघणारा, आणि मधेच लालसर. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बरेच वर्षानुवर्षे तसेच राहतात, काही मशेरी सोडल्यावर विरूनही जातात. लाल-पांढरा मिसळलेला मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, त्याची तुकडा तपासणी (बायोप्सी) करावीच लागते. त्यानंतर आणखी काही बायकांमध्ये साधे पांढरे चट्टे सापडले.

संमतीपत्रात एक ओळ होती: "तपासणीत काही आढळल्यास आपणास कळवण्यात येईल." कोण कळवणार, काय सांगणार, पुढे कुठे पाठवणार, खर्च कोणाचा, याबद्दल चकार शब्द नव्हता. उलट मंजूर आराखड्यात स्पष्ट लिहिले होते की 'ब' गावात वर्षभर तंबाखूविषयी समुपदेशन करायचे नाही. आता दंतवैद्य त्या बाईंना चट्ट्याबद्दल सांगणार, तर "कशामुळे झाला?" हा प्रश्न येणारच. उत्तर दिले की समुपदेशन झाले.

बाईंनी विचारलेच. "तोंड बघितलंत, आता काय सापडलं ते सांगा की ताई." विद्यार्थिनीने दंतवैद्यांकडे पाहिले, दंतवैद्यांनी तिच्याकडे. त्या दिवशी "जिल्हा रुग्णालयात एकदा दाखवून घ्या, चिठ्ठी देतो" एवढ्यावर निभावले. संध्याकाळी दंतवैद्यांनी प्रकल्पप्रमुख मॅडमना फोन केला. त्यांचे म्हणणे एका वाक्यात होते: चट्टा बघून मी मशेरीचे नाव घ्यायचे नाही असे असेल, तर उद्यापासून तपासणीला दुसरा कोणी शोधा.

समोर असलेले पर्याय

विभागात बैठक बसली. मॅडम, दंत महाविद्यालयाचे दोघे, बाहेरून बोलावलेले संख्याशास्त्रज्ञ, विद्यार्थिनी आणि क्षेत्र समन्वयक. चर्चा बरीच ताणली, आणि तिच्यातले काही पर्याय आज वाचताना विचित्र वाटतील. पण त्या वेळी ते गंभीरपणे मांडले गेले होते, म्हणून इथे देणे गरजेचे आहे.

पहिला पर्याय गप्प राहून पाठवण्याचा. चट्टा असलेल्या बायकांना चिठ्ठी द्यायची, मशेरीचा उल्लेख टाळायचा. जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर सांगतील ते सांगतील. याने आराखडा शाबूत राहिला असता. बाजूने मांडला गेलेला मुद्दा असा की प्रकल्प आला नसता तर या बायकांना कोणी काहीच सांगितले नसते, म्हणजे आपण त्यांचे नुकसान करत नाही. हा युक्तिवाद कागदावर पटतो. पण तपासणारा माणूस एकदा तोंडात डोकावला की 'आपण आलोच नसतो तर' ही स्थिती संपलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही सहभागींमध्ये अचानक सापडलेल्या आजारांबाबत संशोधकांवर काही जबाबदारी टाकतात. दंतवैद्य हलायला तयार नव्हते, आणि ते बरोबर होते.

दुसरा पर्याय: चट्टे असलेल्या बायकांना पूर्ण सल्ला द्यायचा आणि त्यांना विश्लेषणातून वगळायचे. वरकरणी नेटका. पण 'अ' गावातल्या चट्टेवाल्या बायका विश्लेषणात राहणार आणि 'ब'मधल्या जाणार, म्हणजे दोन गावे तुलनेला सारखी उरणार नाहीत. दोन्हीकडून वगळायच्या तर ज्यांना सोडण्याची सर्वांत जास्त गरज त्याच बाहेर. शिवाय गावात एका बाईला "मशेरीने चट्टा झाला" असे सांगितले की ती बातमी पाणवठ्यावर पोचायला किती वेळ लागतो, याचे उत्तर क्षेत्र समन्वयकाने फक्त हसून दिले.

तिसरा पर्याय एका विशेष संदर्भामुळे पुढे आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत ३६,०००हून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांना सोडण्याचा सल्ला देत वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यांनी त्याच भागांतल्या आधीच्या दीर्घ पाठपुराव्याची माहिती तुलनेसाठी वापरली. सल्ला न देता नुसते बघत राहायचे असे समकालीन गाव त्यांना ठेवावे लागले नाही.  मॅडमना ही वाट आवडली, पण विभागाकडे या तालुक्याची जुनी माहितीच नव्हती. तुलनेसाठी आधीची दहा वर्षे कुठून आणणार?

चौथा पर्याय 'ब' गाव सोडून देण्याचा: फक्त 'अ'मधली आधीची आणि नंतरची स्थिती दाखवायची. संख्याशास्त्रज्ञांनी तो झटक्यात मोडीत काढला. वर्षभरात लोक आपोआपही सोडतात, विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून 'सोडली' असेही सांगतात. तुलनेशिवाय कार्यक्रमाचे श्रेय किती आणि काळाचे किती, हे सांगता येणार नाही.

पाचवा पर्याय विद्यार्थिनीने मांडला. 'ब' गावातल्या सगळ्याच बायकांना एकदाच थोडक्यात सल्ला द्यायचा, चट्टेवाल्यांना पूर्ण मदत करायची, आणि सहा महिन्यांनी 'अ'मधला कार्यक्रम जसाच्या तसा 'ब'मध्ये सुरू करायचा. मग अभ्यासाचा प्रश्नच बदलेल. 'कार्यक्रम विरुद्ध काहीच नाही' याऐवजी 'सहा महिन्यांचा कार्यक्रम विरुद्ध तपासणीसोबत दिलेला पाच मिनिटांचा सल्ला'. तिने आणखी एक गोष्ट पुढे ठेवली, जी बैठकीत तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती: तपासणी हीच मुळात हस्तक्षेप आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासण्याची मोहीम राबवली होती; तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. मग 'ब' गावात तपासणी करून आपण काहीच केले नाही, असे म्हणणेच खोटे ठरते.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. पद सर्वांत खालचे असलेल्या व्यक्तीने आराखड्यातली फट दाखवली, आणि तिचा स्वतःचा प्रबंध त्या दुरुस्तीमुळे अवघड होणार होता.

संख्याशास्त्रज्ञांनी पाचव्या पर्यायाला पाठिंबा दिला, पण किंमतही सांगितली. दोन्ही बाजूंना काही ना काही मिळणार, म्हणजे अपेक्षित फरक कमी होणार आणि तो दाखवायला जास्त बायकांचा नमुना लागणार. तो वाढवायला पैसे नव्हते.

काय केले

पाचवा पर्याय स्वीकारला. एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती गेली, रजिस्ट्रीतही बदल नोंदवला. मंजुरी येईपर्यंत 'ब' गावातली उरलेली तपासणी थांबवली. चट्टेवाल्या बायकांच्या बाबतीत मात्र मॅडमनी मंजुरीची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी दंतवैद्य आणि विद्यार्थिनी त्यांच्या घरी गेले, काय दिसले, का दिसले आणि पुढे काय करायचे हे घरच्यांसमोर सांगितले, आणि कमिटीला लेखी कळवले. कमिटीने याला हरकत घेतली नाही.

यानंतर प्रकल्पाने जे वळण घेतले त्याची कल्पना कोणत्याच पर्यायात नव्हती. 'अ' गावातले समुपदेशन अडखळत होते. बायका ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "तुमचं खरं आहे ताई, पण मशेरी सोडली की दाढ ठणकते." पहिल्यांदा हे निमित्त वाटले. दंतवैद्यांनी तोंडे पुन्हा पाहिली तेव्हा कळले की निमित्त नाही. किडलेल्या दाढा, हाडापर्यंत उतरलेल्या हिरड्या, हलणारे दात. निकोटिनने आणि रोजच्या घासण्याने येणारी बधिरता त्या वेदना झाकून ठेवत होती. मशेरी हे कित्येकींचे दातदुखीवरचे औषध होते. औषध काढून घ्या आणि दुखणे तसेच ठेवा, असे आपण सांगत होतो.

मग प्रश्न पैशांचा आला. प्रकल्पात दंतोपचाराला तरतूदच नव्हती. होती ती भित्तिपत्रके, पुस्तिका आणि एका समारोपाच्या कार्यशाळेसाठी. मॅडमनी छपाईचा बहुतेक निधी दंत महाविद्यालयाच्या फिरत्या गाडीकडे वळवायचे ठरवले: इंधन, साहित्य, दात काढणे आणि भरणे. विद्यापीठाच्या लेखा विभागाने खर्चाचे हेड बदलण्याला आक्षेप घेतला, पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालला, आणि तोवर दंत महाविद्यालयाने इंटर्नच्या भरवशावर गाडी पाठवली. ही तडजोड दंत महाविद्यालयाच्या अधिष्ठातांच्या भल्या मनावर उभी होती, आराखड्यावर नव्हती. दरवेळी असा अधिष्ठाता मिळेलच असे नाही.

गाडी आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. दाढ काढून आलेल्या बाईला पुढच्या आठवड्यात "आता मशेरी कमी करून बघता का?" असे विचारणे सोपे जाते.

दुसरा बदल घराचा. सुरुवातीला प्रत्येक बाईशी वेगळे बोलले जायचे. पण सासूने भाजलेल्या डबीतून सून घेत असेल तर सुनेने एकटीने सोडण्याला अर्थ उरत नाही. नंतर आशाताई घरातल्या सगळ्या बायकांना एकत्र बसवू लागल्या आणि विनंती एवढीच करू लागल्या की घरात तंबाखू भाजायची नाही. गरोदर सून असलेल्या घरांत बाळाच्या वजनाचा मुद्दा सासूलाही पटकन पटायचा. तंबाखू बाजारातून आणणारे बहुधा नवरेच, त्यामुळे त्यांच्याशीही बोलणे आवश्यक होते. हे उशिरा सुचले आणि अर्धवट झाले.

'अ' गावातल्या दोन आशाताईंपैकी एक स्वतः मशेरी लावायच्या. त्यांना बदलावे असा एक सूर होता. मॅडमनी बदलले नाही. बैठकीत त्या मोकळेपणाने म्हणायच्या, "मला पण जमत नाहीये, पण दिवसाला दोनवर आणलीय." त्या शेवटपर्यंत पूर्ण सुटल्या नाहीत. त्यांच्या वाट्याच्या घरांतले निकाल दुसऱ्या आशाताईंच्या घरांपेक्षा वाईट होते असेही दिसले नाही.

काय निष्पन्न झाले

सहा महिन्यांनी 'अ' गावात मशेरी पूर्ण सोडलेल्या बायकांचे प्रमाण 'ब'पेक्षा जास्त होते. पण 'ब' गावातही बऱ्याच जणींनी सोडली होती. चट्टेवाल्या बाईंची बातमी खरोखरच पाणवठ्यावर पोचली होती. दोन गावांतला फरक योगायोगाने आला म्हणता येईल इतका लहान निघाला. 'सोडली' म्हणणाऱ्या काहीजणींच्या लाळेत कोटिनीन सापडले, दोन्ही गावांत. दिवसाला पाच वेळांवरून एकावर आलेल्या बाईची प्रगती या मोजमापात कुठेच दिसली नाही, कारण मोजायचे होते ते पूर्ण सोडणे.

लाल-पांढरा चट्टा असलेल्या बाईंची तुकडा तपासणी झाली. पेशींमध्ये कर्करोगाकडे झुकणारे बदल होते, कर्करोग नव्हता. चट्टा शस्त्रक्रियेने काढला, पुढच्या तपासण्यांसाठी त्या येत राहिल्या. साधे चट्टे असलेल्या बहुतेकजणी निदान एकदा तरी तपासणीला आल्या. एक बाई गेल्याच नाहीत: दसऱ्यानंतर कुटुंब ऊसतोडीला निघाले, मुकादमाची उचल घेतलेली होती, आणि कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) अर्धा ठेवून जिल्हा रुग्णालयात जाणे त्यांना परवडणारे नव्हते.

सहा महिन्यांची पाहणी नेमकी ऊसतोडीच्या हंगामात आली होती. दोन्ही गावांतली अनेक घरे कुलूपबंद. काहीजणींना कारखान्यांच्या परिसरातल्या कोप्यांवर जाऊन गाठले, बाकीच्या सुटल्या. ज्या सुटल्या त्या बहुधा जास्त कष्टाच्या आणि जास्त मशेरीच्या, म्हणजे निकाल खरा असेल त्याहून बराच गोड दिसण्याचा धोका.

शोधनिबंध लिहिताना आणखी एक निर्णय घ्यायचा होता. 'अ' गावातली आधी-नंतरची तुलना घेतली तर आकडे झकास दिसत होते. निधी देणाऱ्यांना तेच हवे होते, आणि विभागातही एकाने "तेवढेच लिहू, 'ब' नंतर बघू" असे सुचवले. विद्यार्थिनी आणि संख्याशास्त्रज्ञ अडून बसले. रजिस्ट्रीत नोंदवलेली दुरुस्त तुलनाच आधी यायला हवी, बाकी दुय्यम. तसेच लिहिले. पहिल्या नियतकालिकाने परत पाठवले, दुसऱ्याने दुरुस्त्यांसह घेतले. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न 'ब' गावाबद्दलच विचारला. तिच्याकडे उत्तर होते, कारण बदलाची तारीख आणि कारण रजिस्ट्रीत सर्वांना दिसत होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव चट्टा सापडण्याच्या आधीची आहे, आणि तिच्याबद्दल संख्याशास्त्रज्ञांनी सुरुवातीलाच सावध केले होते. एका बाजूला एक गाव आणि दुसऱ्या बाजूला एक गाव, म्हणजे बायका शेकड्यांनी असल्या तरी तुलनेची एकके दोनच. 'अ' गावाचा सरपंच उत्साही असेल, 'ब' गावात पाणी जास्त असेल, त्या वर्षी एखाद्या ओळखीच्या माणसाचा कर्करोगाने मृत्यू झाला असेल. कार्यक्रमाचा परिणाम यांपासून वेगळा काढता येत नाही. त्याऐवजी वाड्या-वस्त्या लहान एकके धरून त्यांतल्या निम्म्यांची चिठ्ठ्या टाकून निवड केली असती, तर खर्च फारसा वाढला नसता आणि 'ब' गावाची बातमी पसरण्याचा परिणामही हिशोबात धरता आला असता. बातमी शेजारच्या वस्तीवर जाईल ही भीती खरी आहे. पण ती पंधरा किलोमीटरवरच्या गावातही, निराळ्या कारणाने का होईना, खरी ठरली.

संमतीपत्रातली ती एक ओळ. तोंड तपासायचे ठरले त्या क्षणी चट्टा सापडेल हे निश्चित होते. मशेरी वापरणाऱ्या गावात तो न सापडला असता तरच नवल. तरीही 'सापडल्यास काय' हा मजकूर कोणी लिहिला नाही आणि कमिटीनेही विचारला नाही. चिठ्ठी कोणत्या रुग्णालयाची, सोबत कोण जाणार, प्रवासखर्च कोणाचा, तुकडा तपासणीचा अहवाल बाईंना कोण समजावून सांगणार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारांची कागदपत्रे कोण जमवणार, हे अर्ध्या पानात मावले असते. ते तुलनेच्या गावातल्या बायकांना पहिल्या दिवसापासून लागू हवे होते.

दात आधी, सल्ला नंतर. हा क्रम दंत महाविद्यालय पहिल्या दिवसापासून सोबत असताना उलटा का झाला, याचे उत्तर मला तरी एकच दिसते: प्रकल्प तंबाखूचा होता, म्हणून प्रत्येकाने तंबाखूकडे पाहिले. क्षेत्रकामापूर्वी गावातल्या दहा-बारा बायकांशी निवांत बसून "मशेरी का लावता?" एवढे विचारले असते, तरी दाढेचा विषय निघाला असता.

मोजमापाबद्दल मात्र माझे मत विभागापेक्षा वेगळे आहे. नंतर त्यांनी 'कमी करणे' हाही यशाचा निकष धरावा असे मांडले. पाचावरून एकावर येणे त्या बाईसाठी मोठी गोष्ट आहे हे खरे, पण कर्करोगाचा धोका त्याने किती घटतो याचा आधार पूर्ण सोडण्याइतका भक्कम नाही. शिवाय 'कमी केली' हे केवळ बाईच्या सांगण्यावर अवलंबून राहते, आणि कोटिनीनच्या पातळ्या व्यक्तीगणिक इतक्या बदलतात की एकदाच्या चाचणीवरून पडताळणी जमत नाही. कमी करणे नोंदवावे, निबंधात द्यावे, मुख्य निकष करू नये.

हंगामाचे गणित तर कोणीही सांगितले असते. दसऱ्यापासून चैत्रापर्यंत जे गाव रिकामे होते तिथे पाहणी पावसाळ्यात घ्यावी, किंवा पाहणी करणाऱ्यांनी कारखान्यावर जायची तयारी आणि तरतूद आधीच ठेवावी.

'ब' गावात ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनी कार्यक्रम सुरू झाला, आणि गाडी पहिल्याच आठवड्यात गेली. विभागाने आता नवा प्रस्ताव लिहिला आहे: वस्त्या हे एकक, जूनमध्ये पाहणी, आणि अंदाजपत्रकात पहिली ओळ दंतोपचाराची, छपाई शेवटी. तो सध्या लेखा विभागाच्या शेऱ्यासाठी अडकला आहे. शेरा असा आहे की तंबाखूमुक्तीच्या प्रकल्पात दात काढण्याचा खर्च कोणत्या नियमाखाली दाखवायचा, याचा खुलासा करावा.